अभियांत्रिकीतील विद्यावाचस्पती पदवीच्या अटी : एक चिकित्सा

प्रस्तावना

अभियांत्रिकी शाखेतील विद्यावाचस्पती, अर्थात पीएच.डी., ही पदवी एकेकाळी मोजक्या संशोधकांपुरती मर्यादित होती. आज ती अध्यापकाची बढती, महाविद्यालयाचे मानांकन आणि विद्यापीठाची प्रतिष्ठा या तिन्हींशी जोडली गेली आहे. पदवीला असे व्यावहारिक मूल्य आले की ती मिळविण्याच्या अटींनाही नवे महत्त्व येते. अटी सैल असतील तर पदवीचा दर्जा घसरतो. अटी केवळ मोजदादीच्या असतील तर संशोधक मोजदाद पूर्ण करण्यातच गुंततो आणि संशोधन बाजूला राहते. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, अभियांत्रिकी पीएच.डी.च्या अटी कोणत्या हेतूने आल्या, त्या प्रत्यक्षात काय साधतात आणि अभियांत्रिकी ज्ञानाच्या स्वरूपाशी त्या कितपत जुळतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अभियंत्याला डॉक्टरेट मिळावी की नाही, हाच मुळात एके काळी वादाचा विषय होता. जर्मनीतील जुन्या विद्यापीठांनी तांत्रिक विद्यालयांना हा अधिकार देण्यास दीर्घकाळ विरोध केला. अखेर १८९९ मध्ये प्रशियाच्या राजाज्ञेने तांत्रिक विद्यालयांना ‘डॉक्टर-इंगेनिअर’ ही पदवी देण्याचा अधिकार मिळाला. कारखाना, पूल आणि यंत्र यांतून निर्माण होणारे ज्ञान हेही विद्यापीठीय ज्ञानाच्या तोडीचे आहे, याची ती मान्यता होती.

अमेरिकेत त्याआधीच, १८६३ मध्ये, जोसाया विलर्ड गिब्ज यांना येल विद्यापीठाने अभियांत्रिकीतील पीएच.डी. प्रदान केली होती. अमेरिकेतील ती या शाखेतील पहिली डॉक्टरेट मानली जाते. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता दातेरी चक्रांच्या दात्यांचा आकार. पुढे उष्मागतिकीचा पाया घालणाऱ्या या शास्त्रज्ञाचा हा प्रबंध छापून प्रसिद्ध झाला तो १९४७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही अट त्या काळी असती तर गिब्ज यांना पदवी मिळाली नसती. या उदाहरणावरून प्रकाशन निरर्थक ठरत नाही. परंतु प्रकाशन आणि संशोधनाची गुणवत्ता या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यातून निश्चित दिसते.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाची परंपरा १८५४ पर्यंत मागे जाते. मुंबईच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये आणि पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. या मोजक्या केंद्रांभोवती अभियांत्रिकी संशोधनाची संस्कृती वाढली. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पालटले. महाविद्यालयांची संख्या वेगाने वाढली. त्यांना लागणारा अध्यापकवर्ग मात्र त्या वेगाने संशोधनात प्रशिक्षित होणे शक्यच नव्हते. आजच्या प्रश्नाचे मूळ या विषमतेत आहे.

नियमावलींचा प्रवास

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९, २०१६ आणि २०२२ अशा तीन टप्प्यांत पीएच.डी.साठी किमान मानके ठरवून दिली. २००९ च्या नियमावलीने प्रवेश परीक्षा, किमान एका सत्राचा अभ्यासक्रम आणि प्रबंधापूर्वी संदर्भित नियतकालिकात एक शोधनिबंध या गोष्टी आवश्यक केल्या. दूरस्थ पद्धतीने ही पदवी देण्यास मनाई केली. त्याआधी विद्यापीठागणिक नियम वेगळे होते. त्यांत एकवाक्यता आणण्याचे श्रेय या नियमावलीस द्यावे लागेल.

२०१६ च्या नियमावलीने कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षे ठरविला. महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना दोन वर्षांची सवलत दिली, तसेच महिला संशोधकांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजेची तरतूद केली. प्राध्यापकाने एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाने सहा आणि सहायक प्राध्यापकाने चार विद्यार्थ्यांनाच मार्गदर्शन करावे, असे बंधन घातले. प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे सक्तीची झाली.

७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या नियमावलीने प्रकाशनाची ही सक्ती काढून टाकली. अभ्यासक्रमासाठी किमान बारा श्रेयांक ठरविले. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासही थेट प्रवेशास पात्र मानले आणि नोकरी करणाऱ्यांच्या अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट स्थान दिले. भारतीय तंत्रज्ञान संस्थांना मात्र ही नियमावली लागू नाही. त्या १९६१ च्या स्वतंत्र कायद्याखाली येतात आणि आपल्या अटी आपल्या अधिसभेमार्फत ठरवितात. एकाच राज्यात, एकाच शाखेत, एकाच नावाची पदवी अशा रीतीने दोन वेगळ्या चौकटींतून दिली जाते.

प्रकाशनाची अट आणि तिचे परिणाम

शोधनिबंधाच्या सक्तीमागील हेतू योग्य होता. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्याबाहेरील त्रयस्थ तज्ज्ञाने काम पाहावे, ही अपेक्षा कोणत्याही संशोधनाला लागू पडते. परंतु अट सर्वांना एकाच वेळी लागू झाली आणि मागणी वाढताच पुरवठादार उभे राहिले. शुल्क घेऊन काही दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांची तपासणी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी केली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर ‘केअर’ यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करून आयोगाने नियतकालिक निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपविली आणि त्यासाठी केवळ मार्गदर्शक निकष दिले.

या घटनाक्रमातून एक गोष्ट स्पष्ट होते. दर्जाची जबाबदारी यादीवर टाकली की यादीत शिरणे हेच ध्येय बनते. सक्ती काढून टाकल्याने हा दबाव कमी झाला, हे खरे. पण त्रयस्थ परीक्षणाची गरज त्यामुळे संपलेली नाही. अनेक विद्यापीठांनी व संशोधन केंद्रांनी आपल्या पातळीवर प्रकाशनाची अपेक्षा कायम ठेवण्याची मुभा घेतली, तर तिचे स्वरूप काय असावे हा प्रश्न शिल्लकच राहतो. महाविद्यालयांतून निघणाऱ्या बहुविद्याशाखीय नियतकालिकांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही. काँक्रीटवरील निबंध ज्याने कधी प्रयोगशाळेत क्यूब फोडून पाहिला नाही अशा परीक्षकाकडे जात असेल, तर ‘तज्ज्ञ-परीक्षित’ या विशेषणाला काही अर्थ उरत नाही.

प्रकाशनाच्या घाईचा दुसरा परिणाम विषयाच्या निवडीवर होतो. फ्लाय अॅश मिसळलेल्या काँक्रीटचे उदाहरण घेता येईल. १५० मिलिमीटर बाजूचे क्यूब तयार करून, ते पाण्यात ठेवून ७ व २८ दिवसांनी त्यांची दाबशक्ती मोजणे हा प्रयोग काही महिन्यांत पूर्ण होतो. मिश्रणाचे प्रमाण थोडे बदलले की नवा तक्ता आणि नवा निबंध तयार होतो. वास्तविक फ्लाय अॅशमुळे येणारी शक्ती हळूहळू, २८ दिवसांनंतरही वाढत राहते. आणि कोकण किनाऱ्यावरील खाडीपुलाच्या दृष्टीने खरा प्रश्न दाबशक्तीचा नसून क्लोराइड किती वर्षांत सळईपर्यंत पोहोचते हा आहे. त्याचे उत्तर देण्यास दीर्घकालीन निरीक्षण लागते. अटींची रचना अशी झाली आहे की लवकर मोजता येणारे मोजले जाते आणि जाणून घेण्याजोगे बाजूला पडते. संगणकीय विषयांतही हेच घडते. सर्वांना उपलब्ध असलेली माहिती घ्यावी, गणनपद्धतीत किरकोळ फेरफार करावा आणि अचूकता दशांशाने वाढल्याचे दाखवावे, अशा कामाला निबंध मिळतो. पण त्या पद्धतीचा उपयोग प्रत्यक्ष कारखान्यात वा रुग्णालयात होईल का, याचा शोध घेणारे काम लांबते आणि म्हणून टाळले जाते.

टक्केवारीत बसविलेला प्रामाणिकपणा

२०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याचे स्तर ठरविले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावयाचा. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्ष सादरीकरणास बंदी. साठ टक्क्यांपुढे नोंदणी रद्द. ही व्यवस्था येण्यापूर्वी प्रबंधांची सर्रास नक्कल होत असे, हे लक्षात घेता तिची उपयुक्तता नाकारता येत नाही. शिवाय २०२० पासून संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला.

तथापि संगणकप्रणाली शब्दांचे साम्य मोजते, विचारांचे नाही. अभियांत्रिकीतील फसवणूक बहुधा शब्दांत नसते. ती न केलेल्या चाचणीच्या आकड्यात असते, गैरसोयीचे निरीक्षण वगळून काढलेल्या आलेखात असते. असा प्रबंध शून्य टक्के साम्याचाही असू शकतो. उलट प्रमाणित चाचणीपद्धतीचे वर्णन सर्वत्र सारखेच असणार. तेथे साम्य दोष ठरू नये. टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्दाला शब्द बदलण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती तर पारिभाषिक संज्ञांचाच घात करते. २०२१ मध्ये गिओम काबानाक, सिरिल लाबे व अलेक्झांडर मागाझिनोव यांनी संगणकविषयक निबंधांतील अशा विकृत संज्ञा उजेडात आणल्या. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ या संज्ञेच्या जागी ‘बनावट जाणीव’ असा अर्थ होणारे शब्द छापून आले होते आणि ते परीक्षकांच्या नजरेतून सुटले होते. अचूक संज्ञा हे अभियंत्याचे पहिले साधन होय. ते बोथट करून मिळविलेला प्रामाणिकपणाचा दाखला कितपत विश्वसनीय मानावा?

अर्धवेळ संशोधक : अटींचा खरा भार

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१९ च्या निकषांनुसार अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. आवश्यक आहे. राष्ट्रीय मानांकन चौकटीतही पीएच.डी.धारक अध्यापकांच्या प्रमाणाला गुण आहेत. त्यामुळे पदवीचा आग्रह अध्यापकाइतकाच संस्थेलाही असतो. तिच्यासाठी लागणारा वेळ आणि साधने देण्याची तयारी मात्र त्या प्रमाणात दिसत नाही.

पूर्णवेळ संशोधकाला काही आधार आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये झाली. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीची सुरुवात ७०,००० रुपयांपासून होते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. अध्यापकांसाठी १९७० पासून गुणवत्ता सुधार कार्यक्रम अस्तित्वात आला. त्यामुळे नोकरीतील अध्यापक पगारी रजेवर नामांकित संस्थेत राहून पूर्णवेळ संशोधन करू शकत असे. आजही मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठ पिढीतील अनेकांची घडण याच योजनेत झाली.

विनाअनुदानित महाविद्यालयातील अर्धवेळ संशोधकाची स्थिती निराळी असते. २०२२ च्या नियमावलीनुसार त्याने मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळेल, असे त्या प्रमाणपत्रात नमूद असते. प्रत्यक्षात तासिका, प्रात्यक्षिके, परीक्षेची कामे, प्रवेशाच्या मोसमातील प्रचार आणि मानांकनाच्या फायली यांतून जो वेळ उरतो तोच संशोधनाचा वेळ ठरतो. प्रमाणपत्रात वेळेचा उल्लेख आहे, पण तो किती तास आणि न दिल्यास काय, याविषयी काहीच नाही. संस्थेला पदवीचे गुण मिळतात. खर्च मात्र संशोधकाच्या रात्री, त्याची सुटी आणि त्याचे कुटुंब सोसते. महिला अध्यापकांच्या बाबतीत हा भार दुहेरी असतो. दोन वर्षांची वाढीव मुदत त्यांना दिलासा देते. पण मुदत वाढविणे म्हणजे वेळ देणे नव्हे. अशा परिस्थितीत कोणी तयार निबंध विकत घेतला, तर ते कृत्य निंद्यच आहे. परंतु त्याची सर्व जबाबदारी एका व्यक्तीवर टाकून व्यवस्थेला मोकळे होता येणार नाही.

परीक्षण : सर्वांत दुर्लक्षित अट

प्रवेश परीक्षा, श्रेयांक आणि टक्केवारी यांवर जितकी चर्चा होते तितकी प्रबंधाच्या अंतिम परीक्षणावर होत नाही. वास्तविक पदवीचा दर्जा तेथेच ठरतो. नियमावलीनुसार किमान दोन बहिस्थ परीक्षक असतात आणि मौखिक परीक्षा सर्वांसाठी खुली असते. परीक्षक हे चांगले प्रकाशनकार्य असलेले विद्याक्षेत्रातील तज्ज्ञ असावेत, अशी अपेक्षा आहे. ज्ञानशाखा कोणतीही असो, हा निकष एकच आहे. आणि अभियांत्रिकीच्या बाबतीत नेमकी येथेच उणीव राहते.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी आखलेले स्वयंचलित पूरनियंत्रक दरवाजे १९०३ मध्ये खडकवासला धरणावर बसविण्यात आले. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढवावा आणि पुराचे जादा पाणी आपोआप सुटावे, अशी ती रचना होती. या कामाचा खरा परीक्षक मुठा नदीचा पूर होता. त्याच खडकवासल्यातील, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या प्रतिकृतींवर आयुष्य घालविलेले अभियंते आहेत. जलशास्त्रावरील प्रबंध तपासताना त्यांच्या अनुभवास स्थान नसावे, हे विसंगत होय. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात मनमोहन शर्मा यांच्यासारख्या अभियंत्याने उद्योगाच्या अडचणींतून मूलभूत संशोधन उभे केले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.  उद्योगाशी जवळीक ठेवल्याने संशोधनाची उंची कमी होत नाही, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले.

अपेक्षित बदल

वरील विवेचनावरून पुढील सुधारणा विचारार्ह ठरतात.

१. प्रबंधासोबत मूळ निरीक्षणे, चाचण्यांच्या नोंदवह्या आणि संगणकीय आज्ञावली जमा करणे बंधनकारक असावे. ‘शोधगंगा’वर प्रबंध ठेवले जातात, त्याबरोबर आधारसामग्रीही ठेवल्यास दुसऱ्या संशोधकास निष्कर्ष पडताळून पाहता येईल.

२. अभ्यासक्रमाच्या बारा श्रेयांकांत प्रयोगरचना, मापनातील अनिश्चितता आणि सांख्यिकी यांना निश्चित वाटा असावा. शास्त्रीय मोजमापाचे हे शिक्षण अभियांत्रिकी पदव्युत्तर अभ्यासात अनेकदा अपुरे राहते.

३. दोन बहिस्थ विद्यापीठीय परीक्षकांखेरीज मौखिक परीक्षेच्या मंडळावर त्या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणारा एक अनुभवी अभियंता असावा.

४. ना हरकत प्रमाणपत्रात आठवड्याचे संशोधनाचे तास लेखी असावेत आणि संशोधन सल्लागार समितीने दर सत्रातील सादरीकरणाच्या वेळी ते मिळाले की नाही याची नोंद घ्यावी. तास न देणाऱ्या संस्थेला मानांकनात त्या पदवीचे गुण मिळू नयेत.

५. परीक्षकांचे अहवाल पदवी प्रदान झाल्यानंतर प्रबंधासोबत प्रसिद्ध करावेत. दोन ओळींत शिफारस करणारा परीक्षक आणि प्रत्येक प्रकरण तपासणारा परीक्षक यांतील फरक मग सर्वांसमोर येईल.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. आधीच अटींच्या ओझ्याखाली असलेल्या संशोधकावर आणखी अटी लादल्या जातील, असे म्हणता येईल. परंतु यांतील पहिल्या दोन वगळता सर्व अटी संस्था, मंडळ आणि परीक्षक यांच्यावर आहेत. आजवरच्या नियमावलींनी बहुतेक जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकली. मार्गदर्शक व संस्था यांच्याकडून संख्येच्या मर्यादेपलीकडे फारसे काही मागितले नाही. तोल साधावयाचा असेल तर दुसऱ्या पारड्यातही वजन पडले पाहिजे.

समारोप

२००९ पासूनच्या तीन नियमावलींनी अभियांत्रिकी पीएच.डी.ला एक समान चौकट दिली, संधीच्या समानतेकडे लक्ष दिले आणि प्रकाशनाच्या सक्तीतील चूक उमगताच ती मागे घेतली. हे या धोरणाचे बलस्थान होय. मात्र काय काढले याइतकेच त्याजागी काय आले हे महत्त्वाचे असते, आणि ती जागा अद्याप पुरेशी भरलेली नाही. ज्या अध्यापकाच्या हाती पुढील पिढीतील अभियंते घडणार आहेत, त्याने स्वतः एखाद्या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठपुरावा केलेला असावा, आपल्या मोजमापातील चूक स्वतः शोधून काढलेली असावी, एवढीच या पदवीची मूळ अपेक्षा आहे. विद्यार्थ्यांना तो पुढे जे शिकविणार, त्याचा कस या अनुभवावर ठरतो. त्याच विद्यार्थ्यांनी बांधलेल्या पुलावरून आणि धरणाखालून समाजाला रोज ये-जा करावयाची असते. म्हणून या अटींचा प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षा विभागापुरता मर्यादित नाही.